नवजात उंदराच्या मिशांची मुळं जाळली तर मेंदूतला स्पर्शाचा नकाशा बदलतो का?

बदलतो, पण शस्त्रक्रिया कितव्या दिवशी केली यावर सगळं ठरतं. स्पर्श-कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या बाह्य आवरणातला स्पर्श ओळखणारा भाग) चौथ्या थरात प्रत्येक मोठ्या मिशीसाठी पेशींचा एक स्वतंत्र पुंजका असतो, त्याला बॅरल म्हणतात. वूल्सी आणि व्हॅन डर लूस या संशोधकांनी १९७० मध्ये ही रचना दाखवली. मिशांच्या ए ते ई अशा पाच ओळी, बॅरलच्याही तशाच.

जन्मानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत सी ओळीची मुळं जाळली, तर सीची बॅरल एकमेकांत मिसळून अरुंद पट्टा उरतो. बी आणि डी पसरून ती जागा व्यापतात. पाचव्या दिवसानंतर हेच केलं तर नकाशा जवळपास तसाच राहतो, कारण थॅलॅमसकडून (संवेदना कॉर्टेक्सकडे पोचवणारा मेंदूच्या आतला भाग) आलेले तंतू तोवर आपापल्या गुच्छांत स्थिरावलेले असतात.

नुसता केस उपटून हे होत नाही, मुळाशी असलेल्या नसेला इजा व्हावी लागते. मूळ अर्धवट जळलं तर मिशी परत उगवते आणि निकाल फसवा येतो; मेंदू काढण्याआधी मिशा भिंगाखाली तपासाच. काप घेताना कॉर्टेक्स सपाट करून पृष्ठभागाला समांतर कापा, मग सायटोक्रोम ऑक्सिडेज या पेशींमधल्या विकरासाठी (एन्झाइम) रंगवा. उभ्या कापात ओळी ओळखता येत नाहीत. जन्मदिवस शून्य धरला की एक, हेही नोंदवा. इथे एका दिवसाने निष्कर्ष बदलतो.