पणतीपुढचा पत्ता कुठे गेला?

प्रश्न : आम्ही दादरला घरगुती फराळ करतो, ऑर्डर वेबसाइटवर घेतो. मराठी मजकूर नीट जतन होतो. पण ग्राहकाने मध्येच 🪔 टाकली की पुढचं सगळं, कधी अख्खा पत्ताच, गायब. साइट करून देणारा म्हणतो, ‘आपल्याकडे यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या साठवणारी पद्धत) आहे, दोष ग्राहकाच्या फोनचा.’ खरं काय?

उत्तर : फोन निर्दोष आहे. लक्षणांवरून ऑर्डरी साठवणारा डेटाबेस मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या सॉफ्टवेअरचा दिसतो. तिथे वर्षानुवर्षं ‘यूटीएफ८’ या नावाखाली अर्धवट माल मिळत आलाय : एका चिन्हाला जास्तीत जास्त ३ बाइट (साठवणुकीचं छोटं माप). देवनागरी ३ बाइटांत बसते, म्हणून मराठी सुखरूप. पणतीला ४ लागतात. चुकीचा मजकूर नाकारणाऱ्या ‘कडक’ मोडमधला डेटाबेस सर्व्हर निदान एरर देतो. ढिला सर्व्हर मजकूर तिथेच कापतो आणि गप्प बसतो.

४ बाइटांची चिन्हंही साठवणारं ‘यूटीएफ८एमबी४’ हवं. आधी बॅकअप. मग साइटवाल्याला सांगा : प्रत्येक टेबल (माहितीचा तक्ता) ‘अल्टर टेबल’ आज्ञेच्या ‘कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट’ने बदला, नुसती डेटाबेसची सेटिंग बदलून जुनी टेबलं बदलत नाहीत. त्यानंतर साइटचा प्रोग्रॅम डेटाबेसशी जोडला जातो त्या कनेक्शनचा कॅरेक्टर सेटही (अक्षरं साठवण्याची पद्धत) तोच करा. हे राहिलं तर पणती पुन्हा विझलीच. डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीत २५५ अक्षरांच्या कॉलमवर इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) असेल तर ‘७६७ बाइट’ची एरर येईल. इंडेक्सची मर्यादा ७६७ बाइट, भागिले ४, म्हणून इंडेक्स पहिल्या १९१ अक्षरांपुरताच ठेवा.

कापले गेलेले पत्ते परत येणार नाहीत. ग्राहकांना फोन करा, दिवाळीच्या आत.

पणतीच्या जागी रिकामा चौकोन दिसला तर मात्र घाबरू नका. माहिती शाबूत असते, पाहणाऱ्याच्या फॉन्टमध्ये चित्र नसतं. पणती, साडी, रिक्षा हे इमोजी २०१९ चे. त्याआधीचा, अपडेट न झालेला फोन ते कुठून दाखवणार?

प्रश्न : गिरगावातल्या आमच्या सोसायटीत ‘उद्या पाणी बंद’चा एसएमएस इंग्रजीत जातो. सेक्रेटरींनी त्यात थेंबाचा इमोजी टाकला आणि शंभर अक्षरांच्या संदेशाचे पैसे दुप्पट लागले. असं का?

उत्तर : साध्या इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात. एकही इमोजी आला की पूर्ण संदेश युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्या आणि इमोजी सामावणाऱ्या, जास्त जागा घेणाऱ्या पद्धतीत) जातो आणि मर्यादा ७० होते. त्याहून लांब संदेशाचे ६७-६७ चे तुकडे पडतात, आणि थेंब स्वतः दोन जागा खातो. मराठी संदेश मुळातच ७० च्या हिशोबात असतो, पण काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात : ‘पाणी’ म्हणजे ४.