एबीआय १.४५ म्हणजे नॉर्मल नव्हे, पायाच्या अंगठ्याचा दाब मोजून घ्या

तुम्ही लिहिलंय की बाबा ६८ वर्षांचे आहेत, मधुमेहाला १८ वर्षं झाली, ठाण्याच्या तलावपाळीला अर्धी फेरी होते न होते तोच उजवी पोटरी भरून येते आणि दोन मिनिटं उभं राहिलं की मोकळी होते. शिबिरात मशीनवर एबीआय उजवा १.४५, डावा १.३८ आला आणि खाली शेरा, 'रक्तप्रवाह उत्तम'. तो शेरा धरून बसू नका. त्यांच्या बाबतीत १.४५ हा काळजीचाच आकडा आहे.

एबीआय म्हणजे घोट्याजवळचा वरचा (सिस्टोलिक) रक्तदाब भागिले दंडाचा वरचा रक्तदाब. १.०० ते १.४० ठीक, ०.९१ ते ०.९९ काठावर, ०.९० किंवा त्याखाली म्हणजे धमनीत अडथळा. १.४० च्या वर गेला म्हणून पायाला जास्त रक्त मिळतंय असं नसतं. जुन्या मधुमेहात किंवा किडनीच्या आजारात धमनीच्या मधल्या थरात कॅल्शियम साचतं, नळी कडक होते आणि दाब मोजायचा पट्टा फुगवला तरी नीट दबत नाही. मग आकड्यात आतल्या दाबाबरोबर त्या कडकपणाचीही भर पडते. म्हणून डाव्या १.३८ वरही विसंबू नका. अडथळा असलेला पायसुद्धा अशा कडक धमनीमुळे कागदावर नॉर्मल दिसू शकतो.

यावर उपाय म्हणजे पायाच्या अंगठ्याचा दाब मोजणं. त्याला दंडाच्या दाबाने भागलं की टीबीआय मिळतो. अंगठ्याच्या बारीक धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत. अंगठ्याला २ ते २.५ सेंटीमीटर रुंदीचा छोटा पट्टा बांधतात आणि टोकाला प्रकाशाचा सेन्सर लावतात. दंडाचा दाब १४० आणि अंगठ्याचा ७० असेल तर टीबीआय ०.५०. ०.७० किंवा त्याखाली म्हणजे बिघाड. नुसता अंगठ्याचा दाब ३० मिमीच्या (रक्तदाबाचं नेहमीचं, पाऱ्याचं माप) खाली असेल तर जखम भरणं फार कठीण, तिथे दिवस घालवू नयेत. ठाण्यात फोन करताना 'डॉपलर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) करता का' असं विचारू नका, 'पायाच्या अंगठ्याचा दाब मोजता का' असं विचारा. मधुमेही पायाच्या क्लिनिकमध्ये किंवा व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनकडे मिळण्याची शक्यता जास्त.

इथेच एक घोळ नेहमी होतो. 'पायाचा डॉपलर' म्हटलं की बरेचदा शिरांचा, म्हणजे व्हीनस डॉपलर होतो. त्यात गुठळी आणि व्हेरिकोज व्हेन्स कळतात, या दुखण्याचं उत्तर मिळत नाही. चिठ्ठीवर 'दोन्ही पायांचा आर्टेरियल डॉपलर', म्हणजे धमन्यांचा, असं लिहून घ्या. रिपोर्टमध्ये रक्तप्रवाहाच्या आलेखातल्या लाटेचा आकार बघा. ट्रायफेजिक (तीन टप्प्यांची) चांगली, मोनोफेजिक (एकाच टप्प्याची) म्हणजे बहुधा वर कुठेतरी अडथळा. अरुंद जागी रक्ताचा वेग लगतच्या वरच्या भागाच्या दुप्पट किंवा अधिक झाला तर धमनी निम्म्याहून जास्त बंद आहे असं धरतात.

एबीआयही हाताने पुन्हा करून घ्या, पण नीट. आधी दोन तास तंबाखू-सिगारेट नको. जिना चढून आल्या आल्या मोजू नये, ५ ते १० मिनिटं उताणं झोपवावं. एसी फार गार असेल तर पाय पांघरुणात ठेवावेत, थंडीने बारीक धमन्या आकसतात आणि अंगठ्याचा दाब खोटाच कमी येतो. पट्ट्याची खालची कड घोट्याच्या हाडाच्या साधारण २ सेंटीमीटर वर. स्टेथोस्कोप इथे चालत नाही. रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारा ८ मेगाहर्ट्झचा हातातला डॉपलर, भरपूर जेल, त्याचा प्रोब (त्वचेला टेकवायची कांडी) तिरका आणि हलका, दाबून धरला तर धमनीच मिटते. आवाज बंद झाल्यावर पट्टा आणखी २० ते ३० मिमी फुगवायचा आणि सेकंदाला सुमारे २ मिमी या गतीने सोडायचा. घाईने सोडलं की आकडा चुकतो. प्रत्येक पायात दोन जागा मोजायच्या, पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्यामागे, आणि त्यातला मोठा घ्यायचा. दाब दोन्ही दंडांचा घ्यायचा आणि मोठा आकडा भागाकारात वापरायचा. एका हाताच्या धमनीतच अडथळा असेल आणि तोच दंड मोजला तर एबीआय फुगतो. शिबिरात घाई असते, एकाच हातावर भागवलं जातं.

विश्रांतीत आकडा चांगला आणि चालताना दुखतं, असं निघालं तर ट्रेडमिलवर चालवून लगेच पुन्हा मोजतात. घोट्याचा दाब ३० मिमीहून जास्त किंवा एबीआय २० टक्क्यांहून जास्त घसरला तर दुखणं धमनीचंच. चालताना पाय कण्यामुळे दुखत असेल तर नुसतं उभं राहून बरं वाटत नाही, वाकावं किंवा बसावं लागतं. बाबा उभे राहूनच बरे होतात, म्हणून मला धमनीचा संशय जास्त वाटतो.

तोवर गरम पाण्याचा शेक अजिबात नको. मधुमेहात संवेदना कमी असते, भाजलेलं कळत नाही आणि ती जखम भरत नाही. रोज संध्याकाळी तळवा आणि बोटांच्या बेचक्या बघा. रात्री पाय पलंगाखाली सोडल्यावरच बरं वाटत असेल, बोट काळं पडलं असेल किंवा जखम दोन आठवडे तशीच असेल तर व्हॅस्क्युलर सर्जनची वेळ लगेच घ्या. पाय अचानक गार, पांढरा आणि बधिर झाला तर तपासणीची वाट न बघता त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत न्या, काही तासांत पाय हातचा जाऊ शकतो.

नवा रिपोर्ट आला की दोन्ही दंड, चारही घोट्यांच्या जागा आणि दोन्ही अंगठे, असे आठही दाब इथे टाका. नुसतं गुणोत्तर टाकू नका, त्यातून कडकपणा आणि अडथळा वेगळे काढता येत नाहीत.