फौजदारी वकील शोधताय? आधी थोडं थांबा

घरातल्या कुणाला अटक झाली की हातपाय गळतात, मान्य. पण म्हणून पहिला भेटेल त्या वकिलाच्या हातात पैसे ठेवू नका. जमिनीचे दावे चालवणारा वकील कितीही हुशार असला तरी जामिनाच्या अर्जात चाचपडतो. रोज फौजदारी कोर्टात उभा राहणारा हवा, आणि शक्यतो खटला चालणार त्याच कोर्टातला. कुठल्या न्यायाधीशांना लांबण लावलेलं खपत नाही, हे तिथल्याच वकिलाला ठाऊक असतं.

तासभर कोर्टात मागच्या बाकावर बसून बघा. कोण फाइल वाचून आलाय आणि कोण नुसती पुढची तारीख मागतोय, लगेच कळतं. मी हे केलं नव्हतं. सहा तारखा ज्युनिअरच आला, साहेब दिसलेच नाहीत. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: उभं कोण राहणार? फी एकरकमी की तारखेप्रमाणे? अपील त्यात धरलंय का? सगळं कागदावर घ्या, पावतीसकट.

‘सोडवतोच, गॅरंटी’ म्हणणाऱ्याकडून सरळ उठून या.

वकिलापासून मात्र काही लपवू नका. तुमचं बोलणं गुप्त ठेवायला तो सहसा बांधील असतो. पण उलटतपासणीत अचानक बाहेर आलेला मेसेज त्यालाही सावरता येत नाही. ऐपत नसेल तर बऱ्याच देशांत सरकारी खर्चाने वकील मिळतो, कोर्टातच चौकशी करा.