संघात आलास, आता हात तयार कर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा यष्टिरक्षण करताना सुटलेल्या यष्टिचीतबद्दल तू फोनवर विचारलंस, "सर, चेंडू हातात का बसला नाही?" ते चित्रण मी पुन्हा पुन्हा पाहिलं. तुझ्या हातांचा त्यात दोष नाही. चेंडूचा टप्पा पडायच्या आधीच तू उठला होतास. फलंदाज पुढे सरसावला, तुला बळी दिसला आणि तुझी नजर चेंडूआधी बेल्सवर, म्हणजे स्टंपवरच्या गिल्ल्यांवर, गेली. मग चेंडू खाली राहिला आणि ग्लोव्हज वर.

स्टंपजवळ उभं राहणाऱ्याचं सगळं काम या एका क्षणात आहे. टप्पा पडेपर्यंत खाली बसून राहायचं आणि चेंडूच्या उसळीबरोबर उठायचं. त्याच्या आधी नाही. खाली बसलेल्याला वर येता येतं, आधीच उठलेल्याला पुन्हा खाली जाता येत नाही. लेगस्टंपबाहेरच्या चेंडूला तर फलंदाजाचं शरीर मध्ये येतं आणि काही क्षण तुला काहीच दिसत नाही. तिथे पाय आधी गेले पाहिजेत, हात मागून येतील. किरण मोरेंनी 1988 साली चेन्नईत वेस्ट इंडीजविरुद्ध एकाच कसोटीत सहा जणांना यष्टिचीत केलं. लेगस्पिनर नरेंद्र हिरवानीचा तो पहिलाच सामना होता आणि चेंडू हातभर वळत होता. अशा खेळपट्टीवर घाई करणाऱ्याच्या हाती एकही बळी लागला नसता.

धोनीची नक्कल एवढ्यात करू नकोस, हे मुद्दाम लिहितोय. चेंडू घेताना तो हात मागे नेत नसे, जिथे चेंडू लागला तिथूनच बेल्स उडवत असे. ते पाहायला फार सुंदर आहे. पण त्याच्या मनगटांत ती ताकद आणि नजरेत तो अंदाज होता. तुझे हात अजून चेंडूला कडकपणे भिडतात. आधी चेंडूबरोबर मागे जायला शिक, ते अंगात मुरलं की वेग आपोआप वाढेल.

आता वर्तमानपत्रांचं. "एवढ्या लवकर संघात घ्यायला नको होतं," असं लिहिलं जातंय आणि ते तुला लागलंय. पार्थिव पटेल 2002 साली नॉटिंगहॅमला कसोटी खेळला तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि तोवर रणजी करंडकाचा एकही सामना खेळला नव्हता. पहिल्या डावात शून्य. पण शेवटच्या दिवशी तासाहून अधिक वेळ टिकून राहिला आणि सामना वाचला. धैर्य कमी नव्हतंच. कमी होती ती षटकं, हजारो षटकं खाली बसून काढल्यावर हातांना जी समज येते ती. दोन वर्षांत त्याची जागा गेली. मग तो रणजी खेळला, वर्षानुवर्षं खेळला. मध्ये आठ वर्षं एकही कसोटी नव्हती, तरी 2016 मध्ये मोहालीला तो परतला आणि त्याच हंगामात रणजीच्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध 143 धावा करून गुजरातला करंडक जिंकून दिला.

याच्या अगदी उलट सय्यद किरमाणी. 1971 आणि 1974 च्या इंग्लंड दौऱ्यांवर ते फारूख इंजिनियर यांच्यामागे राखीव यष्टिरक्षक म्हणून होते. कसोटी मिळाली 1976 मध्ये, न्यूझीलंडला, आणि दुसऱ्याच सामन्यात त्यांनी एका डावात सहा बळी टिपले. बाहेर बसून त्यांचे हात तयार झाले होते. तू आधी आत आलास, म्हणून ती षटकं तुला आता भरून काढायची आहेत. दोन मालिकांच्या मध्ये सुट्टी असली की स्थानिक सामने खेळ, आराम नंतर कर. इयन हीली फक्त सहा प्रथम श्रेणी सामन्यांनंतर ऑस्ट्रेलियाकडून खेळले. ते गोल्फचा चेंडू भिंतीवर मारून एकट्याने झेल घेत. त्याला ना गोलंदाज लागतो, ना मैदान.

इंग्लंडमध्ये फलंदाजाला ओलांडून गेल्यावरही चेंडू हलतो. ऋषभ पंतवर 2018 मध्ये बायच्या, म्हणजे यष्टिरक्षकाला न अडवता आलेल्या चेंडूंवरच्या, धावांवरून बरीच टीका झाली. त्याच वर्षी डिसेंबरात त्याने ॲडलेडला एका कसोटीत 11 झेल घेऊन विक्रमाशी बरोबरी केली. तेव्हा बाय गेली तर धावफलकाकडे बघू नकोस, पुढच्या चेंडूला अर्धं पाऊल कुठे उभं राहायचं ते बघ.

रिव्ह्यूसाठी, म्हणजे पंचांचा निर्णय तपासायला मागायचा का हे ठरवायला, कर्णधार तुझ्याकडे वळेल आणि हातात पंधरा सेकंद असतील. गोलंदाजाला प्रत्येक वेळी बाद वाटतं. तू जे पाहिलंस तेवढंच सांग. "मला दिसलं नाही" हेही उत्तर आहे आणि ते देणाऱ्यावर कर्णधाराचा विश्वास बसतो.

फिरकीला हेल्मेट घालायचंच, यावर चर्चा नको. दक्षिण आफ्रिकेचे यष्टिरक्षक मार्क बाउचर यांची कारकीर्द 2012 मध्ये टाँटनला एका उडालेल्या बेलने संपवली.

दौऱ्यावरच्या दुसऱ्या यष्टिरक्षकाशी तू बोलत नाहीस असं कानावर आलं. हे मला मुळीच आवडलं नाही. तुझे दोष त्याच्याइतके कोणालाच कळत नाहीत. सकाळी त्याला झेल मारायला बोलाव आणि तू त्याला मार.

पुढची कसोटी वळणाऱ्या खेळपट्टीवर आहे. नेट्समध्ये ऑफस्पिनरला डावखुऱ्या फलंदाजाच्या पायांजवळच्या खड्ड्यांत चेंडू टाकायला सांग आणि अर्धा तास नुसतं घेत राहा, बेल्स उडवायच्याच नाहीत. मोबाइल बाजूने लाव, फक्त तुझे गुडघे आणि पाय दिसले पाहिजेत. रविवारपर्यंत पाठव, मग बोलू.

तुझे सर