लाळ खारट का लागत नाही?

प्रश्न : अश्रू आणि घाम खारट लागतात, मग लाळ का लागत नाही? ती रक्तातूनच गाळून येते ना? माझ्या आईला सर्दीची गोळी घेतल्यावर तोंडाला कोरड पडते. त्याचा याच्याशी काही संबंध आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या प्रश्नातील ‘गाळून’ हा शब्दच आधी तपासला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुष्कळ जाणकारांचीही तशीच समजूत होती. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी 1851 च्या सुमारास कुत्र्याच्या जबड्याखालील लाळग्रंथीकडे जाणारा मज्जातंतू विजेने उत्तेजित केला, तेव्हा ग्रंथीच्या नलिकेतील लाळेचा दाब धमनीतील रक्ताच्या दाबापेक्षाही अधिक भरला. केवळ गाळणीतून उतरलेल्या द्रवाचा दाब मूळ दाबाहून जास्त होणे शक्य नाही. म्हणजे लाळ ही ग्रंथीच्या पेशी ऊर्जा खर्चून तयार करतात. (नलिकेत खडा अडकलेल्या रुग्णाची जबड्याखालची सूज नेमकी जेवताना का ठणकते, हेही यावरून कळते, वाट बंद असली तरी मज्जातंतूचा हुकूम आला की ग्रंथी लाळ ढकलतच राहते.)

आता खारटपणाचे पाहू. ग्रंथीतील द्राक्षाच्या घडासारख्या पेशीसमूहांत प्रथम जो द्रव उतरतो, त्यात सोडियम आणि क्लोराइड जवळजवळ रक्तद्रवाइतकेच असते, म्हणजे तो खारटच असतो. तोंडापर्यंतच्या प्रवासात मात्र नलिकांच्या भिंती त्यातील मीठ परत शोषून घेतात आणि बदल्यात थोडे पोटॅशियम व बायकार्बोनेट सोडतात. या भिंतींतून पाणी फारसे आरपार जात नसल्यामुळे मिठामागोमाग ते परत जात नाही आणि लाळ अळणी होऊन बाहेर पडते. शिवाय जीभ सतत त्याच लाळेत भिजलेली असल्याने उरलेसुरले मीठ तिला जाणवत नाही. आमटीत मीठ किंचित कमी पडले तरी पहिल्याच घासाला कळते, यात या अळणी लाळेचा वाटा मोठा आहे. चिंच चघळताना लाळेचा ओघ वाढतो, नलिकांना मीठ उपसायला पुरेसा वेळ मिळत नाही, म्हणून त्या लाळेत सोडियम अधिक असते. बायकार्बोनेटही ओघाबरोबर वाढते आणि आंबटपणामुळे दातांना होणारा त्रास बराच सौम्य करते.

दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. एरवी तिचा मोठा भाग जबड्याखालील ग्रंथींतून येतो. खाताना मात्र कानापुढच्या, गालगुंडात सुजणाऱ्या ग्रंथींचा वाटा पुष्कळ वाढतो. झोपेत हा ओघ जवळजवळ थांबतो, त्यामुळे रात्री दात न घासता झोपणे दिवसा न घासण्यापेक्षा अधिक महागात पडते.

आपल्या आईंविषयी. पाण्यासारखी भरपूर लाळ सुटण्यासाठी मज्जातंतूंच्या टोकांतून ॲसिटिलकोलीन हे रसायन ग्रंथींपर्यंत पोचावे लागते. सर्दी-ॲलर्जीच्या अनेक जुन्या गोळ्या, ज्यांनी झोपही येते, या रसायनाचे काम अडवतात. नैराश्यावरील तसेच लघवी वारंवार होण्यावरील काही औषधांचाही असाच परिणाम होतो. आईंना सुरू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी आणि पर्याय विचारावा. मनाने कोणतीही गोळी बंद करू नये. तोवर घोटघोट पाणी पिणे आणि साखरविरहित च्युइंगम चघळणे उपयोगी पडते. पेपरमिंटच्या गोड गोळ्या मात्र देऊ नयेत, कारण लाळ कमी असलेल्या तोंडात साखर दातांवर जास्त वेळ राहते आणि दात झपाट्याने किडतात. गोळी घेतली नसतानाही कोरड राहत असेल, विशेषतः डोळेही कोरडे पडून चुरचुरत असतील, तर तपासणी लांबणीवर टाकू नये.