ट्रॅक्टर वाटेवर, दोर रानात

खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडे चार एकर उताराची जमीन, नीलगिरी आणि अकेशियाची तोड झालेली, दारात ३५ एचपीचा टू-व्हील-ड्राइव्ह ट्रॅक्टर. ओंडके वाटेपर्यंत ओढायला त्याला १३,००० पौंडी इलेक्ट्रिक विंच (ड्रमवर दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) बसवावी की जुना मिनी ट्रॅक्टर घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर दोन्ही नको. पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर चालणारी ३ टनी विंच बघा. ट्रॅक्टर वाटेवरच राहील, रानात फक्त दोर जाईल.

आधी ओंडक्याचं वजन काढा. सॉमिलवाला घेराचा चौथा हिस्सा धरून घनफूट काढतो. घेर ४ फूट आणि लांबी १० फूट असेल तर त्याच्या वहीत १० घनफूट लागतात. खरं लाकूड पावणेतेराच्या आसपास असतं. त्याचा आकडा भावासाठी ठीक आहे, वजनासाठी नाही. ओली नीलगिरी घनफुटाला साधारण ३० किलो धरली तर हा एक ओंडका ३८० किलोंचा झाला. सपाटीवर घासत ओढायला वजनाच्या साठ टक्के, म्हणजे २३० किलोंचा जोर लागतो. दहा फुटाला तीन फूट चढ असेल तर त्यात आणखी ११० किलो. पण ओंडक्याचं नाक एखाद्या बुडख्याला अडलं की हा सगळा हिशेब संपला. मग विंच थांबेपर्यंत किंवा दोर तुटेपर्यंत जोर चढतच जातो. ३८० किलोंसाठी ३ टनी विंच सांगतोय ती यासाठी.

इलेक्ट्रिक विंच अडकलेली जीप बाहेर काढायला केलेली असते, दिवसभर लाकूड ओढायला नाही. जड ओढीला ती ३५०-४०० अँपिअर खाते. एक मिनिट ओढलं की बॅटरीतून सहा अँपिअर-अवर गेले. ट्रॅक्टरचा अल्टरनेटर ३५-४० अँपिअरचा, तो हे भरून काढायला दहा मिनिटं घेणार. शिवाय मोटर तापते ती वेगळीच. पाटीवर लिहिलेला जोर ड्रमवरच्या सगळ्यात आतल्या थरावर मिळतो. दोर गुंडाळत जाईल तसा घेर वाढतो आणि जोर उतरतो. चौथ्या थरावर तीस-चाळीस टक्के गेलेले असतात. म्हणजे ओंडका जवळ आला की विंच कमजोर. थर मोजायचा हा नियम पीटीओ विंचलाही लागू आहे.

पीटीओ विंच घेताना दोन गोष्टी हाताने तपासा. खालचं पातं जमिनीत नीट रुततं का, आणि दोर किती उंचीवरून बाहेर पडतो. तुमचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आतबाहेर, विंच तीन टनांची. पातं रुतलं नाही तर ओंडका जागेवर राहील आणि ट्रॅक्टरच मागे सरकेल. दोर उंचावरून ओढत असेल तर पुढची चाकं उचलतात. टॉप लिंकला (मागच्या जोडणीच्या वरच्या दांड्याला) किंवा एक्सलच्या वर साखळी बांधून ओढणं तर कधीच नको. ट्रॅक्टर मागे उलटतो तेव्हा क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. ओढ सरळ मागून ३० अंशांच्या आत ठेवा. त्यापेक्षा तिरकी असेल तर मधे कप्पी लावून दिशा बदला. विंचच्या क्लचची दोरी सोडली की ओढ थांबते अशीच विंच घ्या. दोर काटकोनात वळला की आतल्या त्रिकोणात माणूस नको, कारण कप्पी सुटली तर ती तिकडेच येते.

कप्पी ६ टनी घ्या. दोर पूर्ण उलट फिरवला की कप्पीवर आणि तिच्या बांधणीवर दुप्पट भार येतो. ती बुडख्याला रुंद पट्ट्याने, जमिनीलगत बांधा. अकेशियाला बांधू नका. आपल्याकडच्या जांभ्यावर मातीचा थर पातळ, त्यात त्याची मुळं वरवरची, झाड मुळासकट येतं. ताज्या नीलगिरीचा बुडखा चांगला धरतो.

वायररोप १० मिलिमीटरचा पुरे. टोकाचा फासा करताना तीन क्लिपा लावा, दोन क्लिपांत सहा सेंटिमीटर अंतर ठेवा. क्लिपची खोबण ओढीच्या लांब दोरावर बसली पाहिजे, यू-बोल्ट कापलेल्या टोकावर. बऱ्याच ठिकाणी हे उलटं दिसतं आणि भार येणाराच दोर चेपला जातो. पहिली ओढ झाली की नट पुन्हा आवळा. प्लॅस्टिकचा विंचदोर हलका आहे खरा, पण जांभ्याचा खरखरीतपणा त्याला खातो.

ओंडका बुंध्याकडून ओढा. फांद्यांचे खुंट शेंड्याकडे झुकलेले असतात, त्यामुळे ते मागे घसरत येतात. शेंड्याकडून ओढलात तर प्रत्येक खुंट नांगरासारखा रुततो. बुंध्याची खालची कड चेनसॉने दोन-तीन इंच तासून गोल करा. एवढ्यानेच अडकणं बरंच कमी होतं.

दुसऱ्या झाडावर अडकलेलं झाड सोडवायला १.६ टनी तिरफोर, म्हणजे हाताने दांडा हलवून दोर ओढायचं यंत्र ठेवा. चाल गोगलगायीची, पण काबू पूर्ण. त्याची शिअर पिन तुटली तर जागी खिळा घालू नका. पिन तुटली म्हणजे भार जास्त झालाय.

मिनी ट्रॅक्टर वजनाला हलका, ओंडका अडला की पुढून उचलतो. सपाट वाटेवर घ्यायचाच असेल तर बेळगावच्या उद्यमबागेतल्या फॅब्रिकेटरकडून जुन्या एक्सलवर दोन चाकी कमान करून घ्या. ओंडक्याचं नाक उचललं की ओढ जवळपास निम्मी होते. पॉवर टिलर उतारावर नकोच.

ट्रॉलीत चढवायला मशीन लागत नाही. तीनास एक उतार धरून दोन बल्ल्या टेकवा, दोराचं एक टोक ट्रॉलीला बांधा, दोर ओंडक्याखालून घेऊन वर आणा आणि दुसरं टोक ट्रॉलीतून ओढा. ३८० किलोंचा ओंडका साधारण ६५-७० किलोंच्या जोराने वर गडगडत येतो. खालच्या बाजूला मात्र कोणी उभं राहायचं नाही.

तोडणीची परवानगी आणि वाहतुकीचा पास झाल्याशिवाय लाकूड वाटेवर आणू नका, चंदगडकडे, म्हणजे महाराष्ट्रात न्यायचं असेल तर दोन्ही राज्यांत विचारणा आधी करा. आणि ओढून पडलेल्या चरांत मृगाच्या आधी दर दहा-पंधरा मीटरवर फांद्यांचे आडवे बांध घाला. नाहीतर जूनच्या पहिल्या पावसात त्याच वाटेने माती ओढ्यात जाईल.