तेजीची वर्षं कुठे आहेत?

प्रिय,

तुझा मेल दोनदा वाचला. प्रत्येक मंदीचं कारण वेगळं, मग व्यापारचक्राचा, म्हणजे तेजी-मंदी आळीपाळीने येत राहते हा, सिद्धांत उरतोच कुठे, असं विचारतोस. बरोबर आहे, पण तुझ्या प्रबंधात सगळी मंदीचीच वर्षं. तेजीची कुठे आहेत?

हे चक्र आकड्यांत शोधणारा फ्रेंच क्लेमाँ ज्युग्लार मूळचा डॉक्टर. १८४८ च्या सुमारास अर्थशास्त्राकडे वळला. आधी जन्म-मृत्यू, लग्नं, धान्याचे भाव, मग बँक ऑफ फ्रान्सचे ताळेबंद. त्यातले दोन रकाने त्याने घट्ट धरले: वटवलेल्या हुंड्या, म्हणजे बँकेने व्यापाऱ्यांना दिलेली उधारी, आणि तिजोरीतलं सोनं-चांदी. धंदा तेजीत असताना हुंड्यांचा आकडा वर्षानुवर्षं फुगतो, तिजोरी आटत जाते. मग संकट. हुंड्या धाडकन उतरतात, सोनं हळूहळू परत येतं. १८६२ च्या पुस्तकात त्याने फ्रान्स, इंग्लंड, अमेरिका तिन्ही तपासले. युद्ध, दुष्काळ, क्रांती यांना तो निमित्त म्हणतो. ठिणगी ओल्या गवतावर पडली तर विझते. गवत वाळलं कधी, ते बघ. म्हणजे तेजी बघ.

२००८ घे. लेहमन ही अमेरिकी बँक बुडाली सप्टेंबरात, पण ती घरकर्जं वाटली कधी? तू सुरुवातच सप्टेंबरापासून करतोस! कोरोना बाहेरून आला, मान्य. तो वेगळा काढ.

आणि तुझ्या प्रबंधातला तो दर दहा वर्षांनी उठणारा गुळगुळीत तरंग खोडून टाक. नऊ-दहा वर्षांच्या चक्राला ज्युग्लारचं नाव नंतरच्या शुम्पेटर या अर्थशास्त्रज्ञाने दिलं. ज्युग्लारला स्वतःला टप्प्यांचा क्रम महत्त्वाचा होता. वर्षं कमी-जास्त होतात हे त्याला ठाऊक होतं.

मुलांकडून ताळेबंद हाताने उतरवून घेतो म्हणून माझी बरीच चेष्टा झाली. होऊ दे. एक्सेल मलाही येतं. पण आकडा एकेक करून लिहिताना तो कुठे फुगायला लागला ते बोटांना कळतं, आणि ही सवय मी सोडणार नाही. ज्युग्लार मूळ फ्रेंचमध्ये वाचायचा राहून गेला, ही रुखरुख मात्र आहे. तू तरुण आहेस, फ्रेंच शीक.

रागावू नकोस. तुझ्यात दम आहे म्हणूनच एवढं लिहितोय. येताना आलेख नको. २००२ ते २००७ ची अमेरिकी घरकर्जं, तिमाहीवार, तुझ्या अक्षरात लिहून आण. जेवायलाच ये.

तुझा,
सर